अकीकाची पानाच्या आकाराची वाटी: कडेच्या कपच्या आणि पॉलिशनंतर वर येणारे पांढरे ठिपके

पानवाटी

नमस्कार मंडळी,

करड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या अकीकातून पानाच्या आकाराची उथळ वाटी कोरायला घेतली आहे. तुकडा ९० × ६० मिमी, जाडी २२ मिमी. आतली खोली १३-१४ मिमी, भिंत ३ मिमीपर्यंत आणायची, मधोमध पानाची शीर उठावात ठेवायची आणि देठाकडची बाजू थोडी वळवायची, असा बेत आहे. शंखजिरे आणि अलाबास्टरची सवय आहे, कठीण दगड पहिल्यांदाच. रोटरी मशीन हातात धरून, दगड पाण्याच्या ताटलीत ठेवून काम चालते.

बाहेरचा आकार झाला आहे, आतली पोकळी साधारण अर्ध्यावर आली आहे. कड पातळ होऊ लागल्यापासून तिच्या कपच्या उडतात, अर्ध्या मिमीपासून दीड मिमीपर्यंत. बर, म्हणजे मशीनला लावायची हिऱ्याचे कण असलेली छोटी टोके, फार लवकर बोथट होतात. आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे, एका कोपऱ्यात पॉलिशची चाचणी घेतली तर ६०० ग्रिटला (ग्रिटचा आकडा मोठा तसा घासणारा कण बारीक) एकसारखे मॅट दिसणारे पृष्ठ सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची पूड लावल्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी भरते. जितके घासावे तितके ठिपके जास्त ठळक. दगडातच खोट आहे की पद्धतीत? जाणकारांनी सांगावे.

पाणचक्की

आधी एवढे सांगा: बर इलेक्ट्रोप्लेटेड (वर हिऱ्याचा एकच थर) की सिंटर्ड (हिरे धातूच्या आतपर्यंत मिसळलेले)? आरपीएम (मिनिटाला फेरे) किती ठेवता? ग्रिटचा क्रम काय, म्हणजे पहिल्या बरनंतर थेट कशावर गेलात? आणि मशीन अगदी सावकाश फिरवले तर बरचे टोक एका जागी दिसते की गोल फिरते?

पानवाटी

इलेक्ट्रोप्लेटेड, २.३५ मिमी दांड्याचे, ग्रिट १५०. गोल बर ६ मिमी आणि ३ मिमी. वेग बहुतेक वेळा सगळ्यात वर, ३०,००० च्या आसपास, कारण कमी वेगात बर कापतच नाही असे वाटते. १५० नंतर लाकडी काडीला ६०० चा वॉटरपेपर गुंडाळून, मग १२००, मग फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे टोक) आणि सेरियम. टोक आता बघितले, किंचित गोल फिरते आहे. कोलेट (बरचा दांडा पकडणारी चिमटी) मशीनसोबत आलेलेच आहे.

कुरुंद

मग दगडाला बोल लावू नका. तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे.

शंखजिऱ्याची कठीणता मोहच्या मापाने १, अलाबास्टरची २. तिथे हत्यार दगड खरवडून काढते. अकीक म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांचा क्वार्ट्झ, कठीणता ६.५ ते ७. तो खरवडला जात नाही, तुटतो. हिऱ्याचा एकेक कण पृष्ठावर बारीक तडे पाडतो, दोन-तीन तडे एकमेकांना मिळाले की कणी सुटते. सुटलेल्या कणीच्या खाली न सुटलेले तडे तसेच राहतात. तुम्ही ज्याला ओरखडा म्हणता तो नुसता वरचा चर असतो, त्याच्या खाली हा चुरलेला थर असतो. कण जितका जाड आणि दाब जितका जास्त, तितका तो थर खोल.

१५० ग्रिटचा कण साधारण १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), ६०० चा २५-३० मायक्रॉनचा. तुम्ही १५० वरून थेट ६०० वर गेलात तेव्हा कागदाने फक्त वरचे उंचवटे सपाट केले. तडे गाळाने बुजले आणि आजूबाजूचे सगळेच पृष्ठ मॅट, म्हणून ते दिसले नाहीत. पॉलिशने आजूबाजूचा भाग चमकला आणि ते उघडे पडले. ठिपके सेरियमने आणलेले नाहीत, १५० च्या बरने तिथे पेरून ठेवलेले आहेत. म्हणून जास्त घासले की जास्त ठळक होतात.

कडेचेही तेच. तीन मिमी भिंतीला दोन्ही बाजूंनी असा चुरलेला थर असेल तर मधला निरोगी दगड कितीसा उरतो? त्यात बर आऊट, म्हणजे मध्यापासून हललेला, फिरतो आहे, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. ३०,००० वेगाला सेकंदाला ५०० ठोके त्या कडेवर पडतात. दुसरे कोलेट लावून बघा. तरीही टोक गोल फिरत असेल तर बरचा दांडाच वाकडा आहे, तो बर कडेच्या कामाला वापरू नका.

आता वेग. आरपीएमकडे बघू नका, बरचा परीघ किती वेगाने पळतो ते बघा: व्यास मीटरमध्ये × ३.१४ × आरपीएम ÷ ६०. छोट्या बरसाठी सेकंदाला ३ मीटरच्या आसपास ठेवा. त्या हिशेबाने ६ मिमी गोळ्याला १०,०००, ३ मिमीला २०,००० आणि १० मिमीला ६,००० पुरे. तुमचा ६ मिमी गोळा ३०,००० ला ९ मीटरहून जास्त वेगाने पळतो आहे. त्या वेगाला पाणी बरवर टिकत नाही, भिरकावले जाते. ताटलीत पाणी आहे, पण हिरा जिथे दगडाला टेकतो तिथे कोरडे. तिथे उष्णता वाढते, हिऱ्याची धार जाते, हिरे धरून ठेवणाऱ्या निकेलची पकड सुटते. इलेक्ट्रोप्लेटेड बरवर हिऱ्याचा एकच थर असतो, तो गेला की बर संपला. कमी वेगात कापत नाही असे वाटते ते बर आधीच संपलेला असतो म्हणून. नवा बर १०,००० ला लावून बघा.

दाबाचा अंदाज येत नसेल तर दगड डिजिटल काट्यावर ठेवून बर टेकवा. लहान बरला १०० ते १५० ग्रॅमचा भार पुरतो. मऊ दगडाची सवय असलेला हात सहज अर्धा किलो दाब देतो. आवाजही ओळखता येतो. नीट कापताना बारीक, सलग खरखर येते आणि पाणी दुधाळ होते. किंचाळल्यासारखा आवाज आला आणि पाणी स्वच्छच राहिले तर बर घसरतो आहे, कापत नाही.

श्वासमोकळा

बाकी चर्चा होईल, पण मूळ प्रश्नातली एक गोष्ट आत्ताच्या आत्ता थांबवा. वायरीचे रोटरी मशीन हातात आणि खाली पाण्याची ताटली, हे करू नका. ओल्या हातातून मशीन निसटले की ते पाण्यातच पडते. मोटार वर टांगलेली आणि खाली लवचिक शाफ्टने हँडपीस (हातात धरायचा भाग) जोडलेला, असे फ्लेक्स शाफ्ट घ्या किंवा कमी व्होल्टेजवर चालणारे मायक्रोमोटर. ज्या बोर्डावरून वीज घेता तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. वायर सॉकेटपर्यंत जाताना मध्ये खाली झोळ देऊन न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी त्या झोळातून खाली पडते, सॉकेटपर्यंत जात नाही.

हँडपीसमध्ये गाळ शिरून बेअरिंग खराब होतात. बरच्या दांड्यावर पातळ रबराची किंवा चामड्याची १५ मिमीची चकती घट्ट बसवा. दांड्यावरून वर चढणारे पाणी ती बाहेर फेकते. हँडपीस नेहमी बरपेक्षा वरच्या पातळीत.

आणि धूळ. अकीक, जॅस्पर, स्फटिक हे सगळे स्फटिकी सिलिका. त्यांची बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ओले काम करता म्हणून निश्चिंत राहू नका, टेबलावर उडालेला गाळ वाळला की तीच धूळ होते. काम संपल्यावर ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका, कपडे झटकू नका. बरमधून तुषार उडतात, त्यातही कण असतात, म्हणून ओल्या कामातही निदान एन-९५ मास्क, जमल्यास पी-१०० फिल्टरचा. गाळ बादलीत बसू द्या, वरचे पाणी ओता, खालचा थर कचऱ्यात. सिंकमध्ये ओतलात तर पाइपात दगडासारखा घट्ट बसेल.

भिंगवाला

कुरुंद यांच्याशी सहमत, पण दगडाला इतक्या लवकर निर्दोष सोडू नका. पोकळी अर्ध्यावर आहे तोवर तपासून घ्या.

दगड पाण्यातून काढा, फडक्याने पुसा आणि पृष्ठ वाळताना बघत राहा. सगळीकडचे पाणी उडून गेल्यावर जिथे काळसर रेष उरते तिथे तडा आहे, त्यात पाणी अडकलेले असते. मग अंधारात मागून जोरदार टॉर्च धरा. पट्ट्या आणि तडे यांत गल्लत होते. पट्टी दगड फिरवला तरी पट्टीच दिसते, तडा मात्र एका विशिष्ट कोनात आरशासारखा चमकतो. असा चमकणारा पापुद्रा कडेपर्यंत पोचत असेल तर तिथे भिंत ३ मिमी करू नका, ४-५ ठेवा किंवा आकारच बदला.

अकीकाच्या गाभ्यात पुष्कळदा पट्ट्या संपून साखरेसारखे डोळ्याला दिसणारे क्वार्ट्झचे स्फटिक असतात. त्या जागी कितीही नीट घासा, जाड स्फटिक अख्खेच्या अख्खे निखळतात आणि खड्डे पडतात. ठिपके फक्त त्याच पट्ट्यात असतील तर तो दगडाचा गुण. सगळीकडे सारखे पसरलेले असतील तर कुरुंद म्हणतात तेच. तुमच्या वर्णनावरून दुसरे वाटते, पण दहापट भिंगातून बघा.

रंग दिलेला अकीक असेल तर आणखी एक. रंग सच्छिद्र पट्ट्यांत शिरतो, दाट पट्ट्यांत शिरत नाही, आणि आतपर्यंत एकसारखा पोचेलच असे नाही. खोल कोरले की फिकट भाग लागतो. करडा-पांढरा सहसा मूळ रंगाचाच असतो. काळाभोर, गडद निळा किंवा भडक गुलाबी असेल तर आधी कोपरा कापून बघावे.

पानवाटी

सगळ्यांचे आभार. मशीनचे काम लगेच थांबवले आहे, फ्लेक्स शाफ्टची सोय करतो. भिंगातून पाहिले, ठिपके सगळीकडे सारखे आहेत, स्फटिकाळ गाभा नाही. पुसून वाळवल्यावर देठाकडे एक काळी रेष राहते, साधारण ८ मिमी लांब, पण कडेपर्यंत येत नाही.

आता पुढचे विचारतो. उरलेली पोकळी कशी काढावी? ६ मिमी गोळ्याने सगळे घासत बसलो तर फार वेळ जाईल. आणि पोकळीच्या आत, शिरेच्या दोन्ही बाजूंच्या खाचेत, ग्रिटमागून ग्रिट कसे न्यायचे? कागद तिथे पोचत नाही.

पाणचक्की

पोकळी काढताना माल घासून उडवू नका, तुकडे पाडून काढा. २२ मिमी व्यासाची, अर्धा मिमी जाडीची सिंटर्ड डायमंड चकती घ्या, वेग ८,००० च्या आत. पोकळीत एकमेकांना समांतर चिरा पाडा, दोन चिरांत २ ते ३ मिमी अंतर. चिरेची खोली अंतिम तळाच्या दीड-दोन मिमी वरच थांबली पाहिजे, हे सगळ्यात महत्त्वाचे. मग मधल्या उभ्या भिंती लाकडी काडीने किंवा पितळेच्या पट्टीने बाजूला रेटून मोडायच्या. पोलादी स्क्रूड्रायव्हर घालून पिरगाळू नका. अकीक शिंपल्याच्या आकाराच्या वक्र भंगाने तुटतो आणि तो भंग मुळाशी खाली वळू शकतो. ते दीड-दोन मिमी त्याच्यासाठी राखलेले असतात.

चकती गोल असते, त्यामुळे चिरेची दोन्ही टोके उथळ राहतात. पानासारख्या निमुळत्या पोकळीला ते सोयीचेच आहे. पण कडेपासून आत ५-६ मिमीची पट्टी अजिबात न चिरता सोडा. शिरेची जागा आधी पक्क्या मार्करने रंगवून घ्या आणि तिच्या दोन्ही बाजूंना १ मिमी जास्त माल ठेवा. उंचीतही अर्धा मिमी जास्त. पुढच्या सगळ्या ग्रिटमध्ये उठाव झिजतो आणि गोलटतो, रेखीव शीर हवी असेल तर सुरुवातीला ती बोजड दिसली पाहिजे.

भिंती मोडल्यावर तळ उंचसखल होईल. तो ८-१० मिमीच्या सिंटर्ड गोळ्याने, १०० ते १२० ग्रिट, वेग ६,००० ते ७,०००, एकसारखा करा. गोळा एका जागी रोवू नका, सतत फिरता ठेवा, नाहीतर वाटोळे खड्डे पडतात आणि ते काढायला सगळा तळ खाली न्यावा लागतो.

कुरुंद

चकतीची पद्धत उथळ पोकळीला उत्तम. पण काळी रेष जिथे आहे त्या देठाकडच्या भागात भिंती मोडू नका, रेटण्याचा धक्का तडा पुढे नेतो. तिथे ५-६ मिमीच्या पोकळ नळीच्या डायमंड ड्रिलने एकमेकांना खेटून भोके घ्या, तीही तळाच्या २ मिमी वर थांबतील अशी. ड्रिल करताना दर दोन-तीन सेकंदांनी वर उचला, म्हणजे आत पाणी शिरते आणि गाळ बाहेर येतो. नळीत गाळ साचला की ती आतून तापते आणि भोकाच्या तळाशी नवा तडा तयार.

आणि तुम्ही बाहेरचा आकार आधी पूर्ण केलात. पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवा: आधी पोकळी, बाहेर जाड माल असताना, मग बाहेरची बाजू, आणि कड सगळ्यात शेवटी. बाहेरचा माल असतो तोवर तो भिंतीला आधार देतो आणि हाताला धरायलाही काहीतरी राहते. आता आकार झालाच आहे तर वाटी बाहेरून आधार देऊन धरा. जाड चामड्याच्या पिशवीत बारीक वाळू भरून त्यात ती बसवली तरी चालते. टेबलाच्या कठीण फळीवर टेकवून दाब देऊ नका.

पाणचक्की

कडेच्या कपच्यांबद्दल राहिलेच. बर कोणत्या बाजूने फिरतो ते बघा. हिऱ्याचे कण कडेकडून दगडाच्या आत जातील असे धरा. दगडातून बाहेर कडेकडे जात असतील तर शेवटच्या क्षणी कणापुढे आधाराला दगडच नसतो आणि कपची उडते. एकाच कडेच्या दोन बाजूंना हँडपीसचा कल बदलावा लागतो, नाहीतर वाटी फिरवून घ्यावी लागते. मशीन उलटे फिरण्याची सोय असेल तर तीच वापरा.

दुसरे, कड कधीही धारदार ठेवू नका. प्रत्येक ग्रिट सुरू करण्याआधी दोन्ही काठांना अर्धा मिमीचा ४५ अंशांचा उतार मारून घ्या. त्या ग्रिटमध्ये तो झिजून पुन्हा धार येते, पुढच्या ग्रिटआधी पुन्हा मारा. हे यंत्राने नको, हाताने, ४०० च्या डायमंड फाइलने, ओले करून, फाइल एकाच दिशेला आतल्या बाजूने ओढत.

झिलई

आतल्या घासाईचे सांगते. कागद विसरा. वॉटरपेपरवर सिलिकॉन कार्बाइड असते, ते अकीक कापते खरे, पण झटकन बोथट होते. गुंडाळलेला कागद मऊ असल्यामुळे खड्ड्यात उतरतो आणि उंचवट्यांच्या कडा गोल करतो. खाच तशीच राहते, शीर मात्र झिजते.

क्रम असा ठेवा: १०० किंवा १२० चा सिंटर्ड बर, मग २२०, ४००, ६०० हे बरनेच. ६०० पर्यंत धातूचे कठीण हत्यार हवे, कारण आकार तिथपर्यंत दुरुस्त होत असतो. त्यानंतर लाकूड आणि डायमंड पेस्ट: १५ मायक्रॉन, ६, ३, मग १. पेस्ट घेताना मायक्रॉन बघून घ्या, ग्रिटचे आकडे प्रत्येक उत्पादकाचे थोडे वेगळे असतात. १५ मायक्रॉन म्हणजे साधारण १२००, ६ म्हणजे ३,०००, ३ म्हणजे ८,००० आणि १ म्हणजे १४,००० असे धरून चाला.

लाकडी बर स्वतः करायचे असतात. दाट कणाच्या कठीण लाकडाची ५-६ मिमीची गोल काडी घ्या, तिचे एक टोक दांड्याइतके बारीक करा, हँडपीसमध्ये लावून सावकाश फिरवा आणि कानशीने टोकाला हवा तो आकार द्या: गोळा, थेंब, किंवा शिरेच्या खाचेसाठी चपटी धार. खाचेसाठी बांबूची काडी चांगली, तिचे टोक टिकते. पेस्टचा मोहरीएवढा ठिपका टोकावर लावा, तेलातली पेस्ट असेल तर तेलाचा एक थेंब, पाण्यातली असेल तर पाण्याचा. वेग १,००० ते २,०००. त्याहून जास्त ठेवलात तर पेस्ट भिंतीवर उडते आणि लाकूड जळते. सुरुवातीला काही सेकंद काहीच होत नाही असे वाटेल. हिरा लाकडात रुतला की कापू लागतो, आणि तेच लाकूड पुढे कितीतरी वेळ चालते.

एक ग्रिट कधी संपले हे कसे ओळखायचे? नवे ग्रिट सुरू करण्याआधी सगळे पृष्ठ पक्क्या मार्करने किंवा अॅल्युमिनियमच्या सळईने रंगवा. जुन्या ग्रिटच्या चरांत रंग बसतो. आधी आडवे घासले असेल तर आता उभे घासा. रंगाची शेवटची रेघ गेली की थांबायचे नाही, तिथून पुढे तेवढेच आणखी घासायचे, कारण कुरुंद यांनी सांगितलेले तडे रेघेच्या खाली आहेत. मग वाटी धुऊन पूर्ण वाळवून, आडव्या प्रकाशात भिंगाने बघा. ओला दगड नेहमीच खोटे बोलतो, पाणी चरांत भरून सगळे गुळगुळीत दाखवते.

तुमच्या वाटीला २२० वर परत जावे लागेल. ६०० वरून ठिपके काढू म्हणाल तर महिनाभर घासाल.

भिंगवाला

झिलई, ६०० पर्यंत इलेक्ट्रोप्लेटेड बर चालतील की सिंटर्डच हवेत?

झिलई

२२० आणि त्याखालच्या जाड कामाला सिंटर्ड. त्यात हिरे धातूच्या आतपर्यंत मिसळलेले असतात, झिजले की खालचे वर येतात. पण ते आपोआप येतील याची खात्री नाही. कधी कधी धातू गुळगुळीत होऊन हिऱ्यांवर चढतो आणि बर घसरू लागतो. तेव्हा सिलिकॉन कार्बाइडच्या किंवा अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या ओल्या कांडीवर काही सेकंद चालवला की धातू मागे हटतो, हिरे उघडे पडतात. लोक याच टप्प्याला बर फेकून देतात.

४०० आणि ६०० ला इलेक्ट्रोप्लेटेड चालतात, फक्त नवा बर थेट वाटीला लावू नका. नव्या बरवर एखाद-दुसरा कण बाकीच्यांपेक्षा वर आलेला असतो आणि तो एकटाच खोल चर पाडतो. आधी अकीकाच्या टाकाऊ तुकड्यावर मिनिटभर हलक्या हाताने चालवा.

अंतिम पॉलिश: १ मायक्रॉननंतर फेल्टच्या टोकावर सेरियम ऑक्साइड किंवा ०.३ मायक्रॉनचे अॅल्युमिनियम ऑक्साइड, दुधाइतके पातळ कालवून. ओले असते तोवर फारसे काही होत नाही, ते सुकत जाऊन फेल्टला ओढ लागते तेव्हा झिलई येते. पण पूर्ण सुकू देऊ नका, तिथे उष्णता झटकन वाढते, आणि तापलेल्या पातळ भिंतीवर थंड पाण्याचा थेंब टाकलात तर इतकी मेहनत एका टिचकीत जाईल. बोटाला कोमट लागले की थांबा, निवू द्या.

प्रत्येक ग्रिटची हत्यारे वेगळ्या डबीत. ग्रिट बदलताना वाटी, हात, नखे, ब्रश आणि पाणी, सगळे बदला किंवा धुवा. १ मायक्रॉनच्या फेल्टमध्ये २२० चा एक कण शिरला तर तो फेल्ट गेला.

कुरुंद

सेरियमबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. अकीकाच्या सपाट किंवा उघड्या भागाला ते छानच. पण कोरीव कामात, जिथे फेल्ट खाचेत नीट दाबता येत नाही, तिथे १ मायक्रॉननंतर लाकडावरच अर्ध्या मायक्रॉनचा हिरा घेणे बरे. फेल्ट मऊ असल्यामुळे वेगवेगळ्या दाटीच्या पट्ट्या कमीजास्त झिजवतो, आणि आडव्या प्रकाशात पट्ट्यांची लहर जाणवते. लाकूड सगळे एका पातळीत ठेवते.

झिलई

लहर येते ते मान्य, पण फेल्ट एकाच जागी रेंगाळला तर. शिरेच्या खाचेत लाकूड आणि उघड्या पोकळीत फेल्ट, असे वाटून घ्या.

पानवाटी

अवांतर प्रश्न, पण राहवत नाही. अकीक इतका कपच्या सोडतो तर मग जेडचे कागदासारखे पातळ प्याले लोक कसे करत असत? जेड जास्त कठीण असतो का?

भिंगवाला

उलट आहे. नेफ्राइट जेडची कठीणता ६ ते ६.५, म्हणजे अकीकापेक्षा कमीच. पण कठीणपणा वेगळा आणि चिवटपणा वेगळा. नेफ्राइटमध्ये सूक्ष्म तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. तडा सुरू झाला तरी त्याला सरळ वाट मिळत नाही, प्रत्येक तंतूपाशी अडतो. म्हणून पातळ भिंत टिकते. शाहजहानचा १६५७ सालचा पांढऱ्या नेफ्राइटचा प्याला लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे: एका टोकाला बकऱ्याचे डोके, खाली कमळाची बैठक, आणि भिंतीतून प्रकाश झिरपतो. तो हिऱ्याच्या आजच्या बरने केलेला नाही. जेडवर शतकानुशतके ओल्या वाळूने, गार्नेट आणि कुरुंदाच्या भुकटीने काम होत आले. हत्यार फक्त भुकटी फिरवत असे, कापत असे ती भुकटी.

त्याची किंमत पॉलिशमध्ये मोजावी लागते. तंतूंच्या दिशा वेगवेगळ्या असल्याने काही तंतू उखडतात आणि पृष्ठाला संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. तिथे चामड्यावर क्रोम ऑक्साइड किंवा लाकडावर बारीक हिरा लागतो.

दगड बदलायचाच असेल तर फ्लोराइटच्या वाटेला पहिल्यांदाच जाऊ नका. कठीणता ४ म्हणून सोपा वाटतो, पण तो चार दिशांना आरशासारखा सपाट फुटतो आणि गरम-थंड सहन करत नाही. लॅपिसमध्ये पायराइट आणि कॅल्साइटची कठीणता वेगवेगळी असल्याने पृष्ठावर चढउतार होतात. एकसंध, बारीक कणाचा जॅस्पर सरावाला अकीकाइतकाच चांगला.

श्वासमोकळा

मॅलाकाइट घेणार असाल तर त्याच्या धुळीत तांबे असते, आणि सर्पेंटाइनमध्ये अॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. ही दोन्ही मऊ असल्याने लोक कोरडीच घासतात. ओली घासा, मास्कशिवाय नको.

पानवाटी

शेवटचे. कड आता तीन ठिकाणी फुटलेली आहे, सगळ्यात खोल कपची दीड मिमीची. सगळी कड दीड मिमीने खाली न्यायची म्हटली तर पोकळी उथळ होते. दुसरा उपाय?

पाणचक्की

सगळी कड खाली नेऊ नका. पानाची कड नाहीतरी सरळ कुठे असते. तिन्ही कपच्यांच्या जागी दोन-अडीच मिमी खोल, ८-१० मिमी रुंद अशा उथळ लाटा घ्या आणि सारख्या अंतरावर न येणाऱ्या आणखी दोन-तीन लाटा इतरत्र टाका, म्हणजे दुरुस्ती वाटणार नाही. प्रत्येक लाटेपासून शिरेकडे जाणारी एक बारीक उपशीर आत कोरलीत तर लाटेला कारणही मिळते. उपशिरेसाठी पाव मिमी खोली पुरे, १ मिमीचा गोळा, ४०० ग्रिट.

कपचीच्या तळापेक्षा अर्धा मिमी खाली जाणे आवश्यक आहे, कारण कपचीच्या टोकाला पुढे गेलेला तडा असतो. टॉर्च बाजूने धरा, कपचीपुढे पांढुरका पंख्यासारखा भाग दिसेल. तो पूर्ण जाईपर्यंत लाट खाली न्या. लाटा २२० ने घ्या, १०० ने नको, कड आता पातळ आहे.

देठाकडच्या काळ्या रेषेजवळ लाट घेऊ नका. तिथे भिंत ४ मिमी ठेवा.